चाकामागचा दगड

गाडी मागं सरकली आणि चाकाखालून काहीतरी गेलं.

मी मागच्या सीटवर होते, मांडीवर सहा वर्षांची नात. बॉनेट उघडं होतं, त्यामुळं समोरच्या काचेतून निळ्या पत्र्याशिवाय काही दिसत नव्हतं. मागं वळून पाहिलं तर येडगाव धरणाचं पाणी दिसलं, आणि ते जवळ येत होतं. माझा मुलगा आत्ताच गाडीच्या मागं उकिडवा बसला होता. आता तो दिसत नव्हता. माझ्या बाजूचं मागचं चाक उचललं गेलं आणि खाली आदळलं, ते मला बसल्या जागी कळलं. मला वाटलं, पोरगं गेलं.

दाराची कडी ओढली. दार उघडलं नाही. पुन्हा ओढली. सरकत जाऊन पलीकडच्या दाराची ओढली. तेही नाही.

नात म्हणाली, "आज्जी, गाडी कोण चालवतंय?"

कोणीच चालवत नव्हतं.

ही गाडी आमची नव्हती. आम्ही ती बघायला आलो होतो.

नातीला दमा आहे. आमची वस्ती ओतूरपासून आत, दोन्ही बाजूंनी ऊस. आदल्या हिवाळ्यात दिवस मावळताना तिचा श्वास अडकला. मुलानं तिला मोटरसायकलवर घेतली, मागं तिची आई बसली. वाटेत बिबट्या आडवा गेला म्हणून थांबावं लागलं, आणि पुढं गार वारा तोंडावर. दवाखान्यात पोचेपर्यंत पोरीची नखं निळी पडली होती. डॉक्टर मुलाला म्हणाले, "हिला परत अशी वाऱ्यातून आणू नका. दर वेळी मिळेल असं नाही." काय मिळणार नाही ते त्यांनी सांगितलं नाही. आम्हाला कळलं.

म्हणून चारचाकी. बेल्ह्याच्या बाजारात एक गाय विकली, कांद्याचे आले होते ते त्यात घातले. दोन लाखांच्या आत जुनी, लहान गाडी घ्यायची असं ठरलं. चार दारं, काचा लागणाऱ्या आणि थंडीत पहिल्या चावीला सुरू होणारी. बाकी काही नको होतं.

गाडी बघायला जाताना आम्ही नातीला बरोबर घ्यायचो. कारण असं की जुन्या गाडीच्या सीटमध्ये धूळ असते, बुरशी असते, कशाकशाचा वास असतो. तिला मागं बसवायचं, काचा लावायच्या आणि खोकला येतो का बघायचं. मी तिच्याजवळ बसायची. मुलगा इंजिन बघायचा, मी पोरीची छाती बघायची.

पहिली गाडी ओतूरच्या एका कापडदुकानदार शेठची. गाडी चांगली होती, पण आत अत्तराची बाटली टांगलेली. नात बसल्या बसल्या खोकायला लागली. शेठनं बाटली काढून गल्लीत फेकली, तरी वास जाईना.

"आजी, अत्तर माझ्या बायकोला लागतं, मला नाय," तो म्हणाला. "गाडी तुम्ही न्या, बायको मी ठेवून घेतो."

"बायको कमी दमवंल ह्या वासापेक्षा," मी म्हणाले. आम्ही निघालो. त्यानं मुलाचा फोन नंबर मात्र घेऊन ठेवला.

दुसरी मंचरला, रस्त्याकडेला ओळीनं गाड्या लावून विकतात तिथं. विकणारा पोऱ्या गोड बोलणारा.

"मावशी, डॉक्टरची गाडी हाय. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. बाकी कुठं न्हाई."

एका बाजूला सगळा पत्रा खरवडलेला होता. मी विचारलं, "मग ही अशी का? पेशंट चावलं का हिला?"

मुलगा माझ्यावर चिडला. ती गाडी त्याच्या मनात भरली होती. पण दुसऱ्या बाजूचं एक दार जरा वेगळ्या रंगाचं होतं आणि ते विचारल्यावर पोऱ्याला एकदम फोन आला. तिथूनही निघालो.

तिसरी ही येडगावची निळी. विकणारा चाळिशीचा शेतकरी, घर धरणाच्या पाण्याला लागून. त्यानं पिकअप घेतली होती म्हणून ही काढायची होती. त्याची दोन लहान पोरं अंगणात खेळत होती. घरापासून पाण्यापर्यंत सगळा गवताचा उतार. गाडी चढाकडं तोंड करून उभी होती आणि मागच्या चाकाला दगड लावलेला होता.

तो दगड बघून मला बरं वाटलं. आमच्याकडं ही रीत जुनी आहे. बैलगाडी असो, टेम्पो असो, चढउतारावर उभी केली की चाकाला दगड. माझा नवरा टोमॅटोचा टेम्पो घेऊन नारायणगावच्या मार्केटला जायचा. दगड लावल्याशिवाय तो टेम्पोपासून चार पावलं लांब गेला नाही. जे लावत नाहीत त्यांना तो बेफिकीर म्हणायचा.

चक्कर मारून आलो. मुलानं चालवली, मालक त्याच्या शेजारी. नात माझ्याजवळ, काचा बंद. नाही खोकली. परत अंगणात आलो, मुलानं गाडी पहिल्यासारखी चढाला तोंड करून थांबवली आणि हँडब्रेकचा दांडा वर ओढला. पण त्याचा पाय ब्रेकवरून निघायच्या आत मालक खाली उतरला होता, डिकी उघडून दगड काढला होता आणि चाकाला लावलाही होता. दगड तो गाडीतच घेऊन फिरायचा. वापरून वापरून एका बाजूनं गुळगुळीत झालेला, टायरच्या काळ्या रंगाचा.

मुलगा मागं वळून मला हळूच म्हणाला, "आई, माणूस लई जपणारा हाय. दगडसुदिक सांभाळून ठिवलाय."

मी मान हलवली. मलाही तसंच वाटलं होतं.

मग मालक म्हणाला, "भाऊ, इंजनाचा आवाज ऐका. घड्याळ हाय घड्याळ." त्यानं गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवली, बॉनेट उघडलं आणि तिथं उभा राहिला. मुलगा सायलेन्सरचा धूर बघायला मागं गेला. मी आणि नात आतच थांबलो. खोकला उशिरानंही येतो, म्हणून मला आणखी थोडा वेळ बसायचं होतं.

धूर पांढरा नव्हता, काळा नव्हता. मुलगा खूश झाला. मग त्याला टायर बघायचा होता, आतल्या अंगानं घासलाय का. मध्ये दगड येत होता. त्यानं तो हातानं बाजूला ओढला.

गाडीला धरून ठेवणारं तेवढंच होतं.

पुढचं सगळं फार लवकर झालं, पण मला ते हळूहळू झाल्यासारखं आठवतं. मी दोन सीटच्या मधून वाकून हँडब्रेकचा दांडा ओढला. नवऱ्याच्या टेम्पोत तो मी हजारदा बघितला होता, ओढताना कटकट वाजायचा. हा वाजला नाही. मुलानं ओढला तेव्हाही वाजला नसणार, चालू इंजिनात आमच्या ध्यानात आलं नाही. ढिल्या खुंट्यासारखा हातात वरखाली झाला. तोवर मागून थाड असा आवाज आला, गाडी थांबल्यासारखी झाली आणि मागच्या बाजूनं खाली बसली. पाण्यात गेलो होतो.

इंजिन चालूच होतं. सायलेन्सर पाण्याखाली बुडबुड करत होता. पाणी आधी पायाशी आलं, मग सीटवर. इतकं गार की श्वास आखडावा, आणि मी घाबरले ती त्यामुळंच. पाण्यात बुडेल म्हणून नाही, पोरीला गारठ्यानं अटॅक येईल म्हणून. नातीला मी उचलून उभी केली. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज सुरू झाला होता. तो आवाज मी ओळखते.

गाडी स्थिर नव्हती. चिखलात थोडी थोडी मागं घसरत होती. दर वेळी पाणी बोटभर चढायचं.

मला मुलाला हाक मारायची होती. मारली नाही. ओ आली नाही तर काय करायचं, याची भीती वाटली.

मग काचेवर थाप पडली. मुलगा होता. कमरेइतक्या पाण्यात उभा, तोंड पांढरं पडलेलं. तो दार बाहेरून ओढत होता, पण पाण्याच्या दाबानं दार हलत नव्हतं.

"आई, काच खाली कर! काच!"

मी हँडल फिरवलं. माझी बोटं घसरत होती. काच निम्मी खाली आली आणि अडकली. तसल्या गाड्यांची मागची काच निम्मीच उतरते, हे मला नंतर समजलं. मी पोरीला डोक्याकडून बाहेर घातलं. तिचा स्वेटर काचेच्या कडेत अडकला. ती "पप्पा, पप्पा" म्हणत होती आणि मध्येच तिचा आवाज बंद झाला. मी मागून ढकललं. स्वेटर फाटला आणि ती गेली.

मी त्या फटीतून जाणार नव्हते. गाडी आणखी घसरली. पाणी माझ्या छातीला लागलं. खरं सांगते, देवाचं नाव आलं नाही तोंडात. पोरीचा दम्याचा पंप माझ्या कमरेच्या पिशवीत आहे आणि तो माझ्याबरोबर बुडणार, एवढंच डोक्यात होतं.

पुढचं दार उघडलं. पुढची बाजू अजून पाण्याच्या वर होती. मालक गुडघ्यावर आत आला, आधी चावी फिरवून इंजिन बंद केलं, मग दोन सीटच्या मधून माझ्या बगलांत हात घालून मला पोत्यासारखी ओढली. माझी बरगडी सीटला घासली. मी त्याला म्हणाले, "मला सोड, पिशवी घे."

"गप बसा वो मावशी!" तो ओरडला आणि दोन्ही बाहेर काढलं, मला आणि पिशवी.

काठावर नात मुलाच्या मांडीवर होती. पंप ओला होता, पण चालला. दोनदा मारला. तिच्या गळ्याखालची खळगी दर श्वासाला आत ओढली जात होती. मुलाच्या डाव्या पायात चप्पल नव्हती आणि पाऊल भलतीकडं वळलेलं होतं. चाकाखालून गेलं ते हे. तशा पायानं तो पाण्यात शिरला होता.

मालकानं पिकअप काढली. नारायणगावपर्यंत मी पुढं बसले, नातीला माझ्या कोरड्या केलेल्या अंगाशी धरून, त्याच्या बायकोची गोधडी दोघींवर. मुलगा मागं हौद्यात आडवा. मी वाटभर तिच्या गळ्याच्या खळगीकडं बघत होते. रस्ता पाहिला नाही. मध्येच ती ओढ कमी झाली, तेव्हा मला वाटलं थांबलीच. मी तिला चिमटा काढला. ती रडली. रडणारं पोर श्वास घेतं.

दवाखान्यात तिला मशीनची वाफ दिली. मुलाच्या पायाला प्लास्टर घातलं. मालक बाहेर बाकावर ओल्या कपड्यांनी बसून होता.

मुलानं त्याला विचारलं, "हँडब्रेक तुटल्याला हाय, हे सांगायचं न्हाई व्हय?"

"दोन वर्सं झाली तुटून," तो म्हणाला. "दगड असल्यावर काय नडत न्हाई, भाऊ. तुमच्या म्होरंच तर लावला."

"आन् ती दारं? आतून उघडतच न्हाईत."

"ते चाइल्ड लॉक हाय. माझी पोरं चालत्या गाडीत दार उघडत्यात, म्हणून."

तो खोटं बोलत नव्हता. दगड आम्ही बघितला होता, दोघांनी बघितला होता, आणि त्याचं कौतुक केलं होतं. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. पण मला ओढून काढणाराही तोच होता, म्हणून मी त्याला फक्त घरी जाऊन कपडे बदल म्हणाले.

पुढं महिनाभर गाडीचा विषय कोणी काढला नाही. थंडी वाढत होती. मी नातीच्या शेजारी झोपायची आणि तिची छाती वाजते का ऐकत राहायची. मग मुलाला ओतूरच्या शेठचा फोन आला, त्यानं तो मला द्यायला सांगितला.

"आजी, तुम्ही गेल्यापासनं गाडी रोज उन्हात उभी करतो, चारी दारं उघडून. सीट धुऊन घेतली. आता तुमच्या नातीला आणा. बायकोला माहेरी धाडलीय."

गेलो. ह्या वेळी नातीला आधी आत बसवलं नाही. मी शेठला गाडी त्याच्या गोदामाच्या उतारावर लावायला लावली, न्यूट्रल करून, हँडब्रेक ओढून. त्याचा हमाल सवयीनं दगड घेऊन आला.

"त्यो ठेव तिकडं," मी म्हणाले.

"आजी, गाडी गेली तर?"

"जाऊ दे. आत कोण न्हाई."

गाडी जागची हलली नाही. मग मी एकटी मागं बसले, दार लावलं, आतून उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं. दोन्ही बाजूंची. नंतर नात बसली. नाही खोकली.

ती गाडी आम्ही घेतली. आमच्या अंगणालाही उतार आहे. मुलानं पहिल्या दिवशी दगड आणला, तो मी उचलून बांधावर टाकला. सरकायची असेल तर रिकामी असताना सरकू दे, म्हणजे कळेल. अजूनही गाडी थांबली आणि कोणी खाली उतरलं की माझा हात दाराच्या कडीवर जातो आणि मी मागच्या काचेतून बघते. नात हसते मला. मुलगा डाव्या पायानं लंगडतो, क्लच दाबताना त्याला दुखतं.

त्या दिवशी गाडीत मी आणि नात होतो, गाडीमागं मुलगा होता. तिघंही वाचलो.