लेकीची गुणपत्रिका

कॉलेजसमोरचे लॅमिनेशनवाले काका भलतेच तिरसट. ओरिजिनल गुणपत्रिका पुढे केली की खेकसतात, "झेरॉक्स आणा, तिला करून देतो!" गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून गेलं तरी त्यांना फिकीर नाही.

पूर्वी ते असे नव्हते म्हणे. लेक बारावीला पहिली आली, तेव्हा तिची गुणपत्रिका त्यांनी दुकानातल्या सगळ्यात जाड प्लास्टिकमध्ये घातली, कोपरे हाताने गोल कापले. "आता शंभर वर्षं हिला काही होत नाही!"

मग बापलेकींनी महिनाभर स्कॉलरशिप शोधल्या. गुणांवर पूर्ण फी देणारी एकच सापडली. तिथल्या कारकुनाने गुणपत्रिका उलटीसुलटी केली. "प्लास्टिकवर शिक्का कसा मारू? मोकळा कागद आणा. आज शेवटचा दिवस आहे."

काकांनी दुकानात धावत येऊन ब्लेडने प्लास्टिक सोडवायला घेतलं. प्लास्टिकबरोबर अक्षरंही निघून आली.

आता लेक त्याच दुकानात झेरॉक्स काढते. काकांनी माझी गुणपत्रिका परत ढकलली, तेव्हा मी चिडलोच. तिने ती उचलली, गुण वाचले आणि हळूच म्हणाली, "माझ्याहून चार कमी आहेत. मिळेल तुला स्कॉलरशिप."