पिंजणाचा विकलेला आवाज

कोणतीही वस्तू समोर आली की तो आधी बोटाचं पेर तिच्यावर वाजवायचा, कान कलता करायचा आणि निकाल द्यायचा, "भाऊ, हे बोलते." नाहीतर, "हे मुकं आहे." माझं काउंटर बोलायचं. शटर बोलायचं. पाण्याचा कॅन अर्धा झाला की जास्त बोलायचा. एकदा माझ्याकडच्या रांगेत उभ्या असलेल्या एका माणसाच्या हेल्मेटवर त्यानं पेर वाजवलं. आत डोकं होतं. तो माणूस गर्रकन वळला, तर हा हात जोडून म्हणतो, "रागावू नका बाप्पा. भरलेलं असूनही काय बोलून राहिलं तुमचं हेल्मेट!"

अकोल्यात जठारपेठेकडे जाताना माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. समोर त्याचं गादीचं दुकान होतं. घराणं पिंजाऱ्याचं. असं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. छताला दोरीनं टांगलेलं धनुष्यासारखं लांब पिंजण, त्याची ताणलेली तांत, खाली कापसाचा ढीग. लाकडी दस्त्यानं तांत छेडली की धुंग-धुंग आवाज घुमायचा आणि कापूस मोकळा होऊन उडायचा. त्याच्या दाढीत कायम कापूस. तिशीतच तो पिकलेला दिसे. "म्हातारा नाही झालो भाऊ," तो म्हणायचा, "कामात आहे."

मग ती वर्षं आली. बोंडअळीनं बोंडं आतून खाल्ली, पुढच्या वर्षी पाऊस रुसला. आमच्याकडे लग्नात मुलीला गादी-पलंग द्यायची रीत. कापूस बुडाला की लग्न पुढे ढकललं जातं, आणि लग्न ढकललं की गादी कोण शिवतो? ज्यांची ऐपत होती ते फोमची गादी घेऊ लागले. माझ्याकडे मात्र पीकविम्याच्या, अनुदानाच्या फॉर्मांची रांग रस्त्यापर्यंत जायची. लोकांचं जितकं बुडेल तितकं माझं दुकान चालायचं. ही गोष्ट मला तेव्हाही कळत होती. मी पंखा वाढवायचो आणि पुढचा फॉर्म घ्यायचो.

समोरच्या दुकानात त्याची दाढी हळूहळू काळीभोर दिसू लागली.

रिकाम्या वेळात तो बीट बनवायला लागला. बीट म्हणजे गाण्याखालचा ताल आणि त्याचा बाज. त्यावर दुसऱ्या कोणी आपले शब्द म्हणायचे. हे तो आधी मोबाइलवर करायचा, मग माझ्याकडच्या भंगारात काढलेल्या कॉम्प्युटरवर. शहरातली पोरं बाहेरचा आवाज अडवायला स्टुडिओच्या भिंतींना कसले कसले थर लावतात. हा न विकलेल्या गाद्या चारी बाजूंनी उभ्या करून मध्ये बसायचा. रस्त्यावरून ट्रक गेला तरी आत कळायचं नाही. "पाहा भाऊ, मंदीचा फायदा," तो म्हणाला. "गाद्या खपल्या असत्या तं स्टुडिओ कुठून आणला असता?" नवी गादी काठीनं झोडपतात त्या ठोक्याचा त्यानं ढोल केला होता. कात्रीची कचकच, दाभणाचा टोचा, सगळं त्यात होतं.

ते बीट ऑनलाइन विकायचं खातं मी उघडून दिलं. इंग्रजी वाचणारा मीच. कशासाठी दिलं? मदत म्हणून दिलं, पण या माणसाचं काही झालं तर ते माझ्यामुळे झालं असं म्हणता येईल, हेही मनात होतं.

आजही कॉलेजची पोरं मला विचारतात, "काका, ऑनलाइन बीट विकून पुरते का?" मी त्यांना जे पाहिलं ते सांगतो. महिनोन्‌महिने कोणी ऐकलं नाही. ज्यांनी ऐकलं त्यांनी फुकट मागितलं. वेबसाइटची वर्गणी भरायची ती वेगळीच. गिऱ्हाईक मागायचे तेही अमक्या गायकासारखं, तमक्यासारखं. "माह्यासारखं काहून मागत नाहीत हे?" तो विचारायचा. एकदा स्क्रीनवर बीटांची न संपणारी यादी पाहून तो म्हणाला, "हे तं मार्केट यार्ड झालं भाऊ. सगळ्यांनी एकाच दिवशी गाड्या आणल्या. आता भाव कोण देईन?"

त्या धंद्यात एक मार्ग असतो. एकच बीट अनेकांना वापरायला द्यायचा, प्रत्येकाकडून थोडं थोडं घ्यायचं. बहुतेकांचं जे काही निघतं ते यातूनच. मी त्याला हे समजावलं तर तो कितीतरी वेळ हसला. "एकच गादी दहा नवरदेवांले? लोक मारतीन मले!" कायमचा, एकालाच, असा विकायचा असेल तरच तो विकायला तयार. मी कपाळाला हात लावला.

त्याचे वडील मागच्या खोलीत खाटेवर असायचे. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली. पण कान शाबूत. मुलगा पिंजायला लागला की आतून आवाज यायचा, "तांत ढीली है बेटा!" आणि खरंच ढिली असायची. ते धडधाकट असताना यानं एका दुपारी त्यांचं पिंजणं मोबाइलवर भरून ठेवलं होतं. म्हाताऱ्याचा हात चालू होता तेव्हाचा तो ठेका. मध्येच थांबून कापूस चाचपायचा आणि परत पकडायचा, तो थांबासुद्धा त्यात होता. त्याचा त्यानं बीट केला. माझ्या दुकानात ऐकवला तेव्हा रांगेतली माणसं बोलायची थांबली. एक आजी म्हणाली, "माह्या लग्नाची गादी झाली तेव्हा असाच आवाज होता."

तो बीट परदेशातल्या कोणीतरी मागितला. कायमचा, एक्स्क्लुझिव्ह.

दुकानाचं भाडं थकलं होतं, वडिलांची औषधं उधारीवर होती. तरी तो दोन दिवस घुटमळला. मीच मागे लागलो. अटींचं लांबलचक पान होतं, रांग खोळंबली होती. "काय लिहिलंय?" त्यानं विचारलं. मी वरवर नजर फिरवून म्हणालो, "लिहिलंय की आता हा आवाज त्याचा. तुझा त्यावर काही हक्क नाही. दाबू बटण?"

त्यानं मान हलवली. मी बटण दाबलं. भाडं भरलं गेलं, औषधं आली, आणि मी घरी बायकोला सांगितलं की आज एक चांगलं काम केलं.

काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की समोरून धुंग-धुंग येत नाही. एक बाई जुनी गादी पिंजायला घेऊन आली, तर त्यानं तिला पलीकडच्या मशीनवाल्याकडे पाठवलं. मी रस्ता ओलांडून गेलो. पिंजण भिंतीला टेकवलेलं, तांत सैल सोडलेली.

"हे काय?"

"विकलं ना भाऊ."

"अरे, बीट विकला. पिंजण कुठं विकलं?"

"पिंजण नाही, आवाज विकला. तुमीच वाचून सांगतलं." तो दाभण ओवत होता. "बैल विकला अन् सकाळी आपल्याच वखराले जुंपला, असं करते का कोणी?"

मी ते पान पुन्हा उघडलं, नीट वाचलं, त्याच्यासमोर वाचलं. व्यवहार फक्त त्या रेकॉर्डिंगचा होता. घरातलं पिंजण वाजवायला कोणाची मनाई नव्हती. त्यानं दाभणातला दोरा ओढून घेतला. मग म्हणाला, "त्या दिवशी एक सांगतलं, आज दुसरं. घेणाऱ्यानं तं पहिलंच समजून पैसे देल्ले असतीन." रांग खोळंबली होती म्हणून मी जे एक वाक्य फेकलं होतं, त्यावर हा माणूस आपलं घर चालवत होता.

घर चालत नव्हतं. आत वडिलांना पिंजण ऐकू येईना. त्यांच्या लेखी पिंजणाचा आवाज म्हणजे काम आणि काम म्हणजे भाकर. आवाज नाही म्हणजे घरात येणं नाही. त्यांनी जेवण कमी केलं. आधी अर्धी भाकर परत पाठवली, मग पाऊण. एकदा मी भेटायला गेलो तर सून ताट घेऊन उभी होती आणि म्हातारा भिंतीकडे तोंड करून म्हणत होता, "बच्चोंकू खिला. मेरेकू भूक नहीं."

"अब्बा, काम आहे," तो सांगायचा. "शिलाईचं आहे."

"फिर पिंजण कायकू नहीं बोल रा?"

एकदा बाहेर येऊन तो मला म्हणाला, "कोणत्या तोंडानं सांगू भाऊ? त्यांच्याच हाताचा आवाज होता तो. तुमचा हात विकला म्हणून सांगू?"

मी त्या घेणाऱ्याला इंग्रजीत लिहिलं. सगळं लिहिलं, वडिलांचं, भाकरीचं. फक्त घरात वाजवायची परवानगी द्या. उत्तर नाही. पुन्हा लिहिलं. रोज सकाळी शटर उघडलं की आधी ते पाहायचं. तो समोरून नुसतं माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायचो. विचारायला लागायचं नाही.

म्हाताऱ्याचे गाल आत गेले. डॉक्टर म्हणाले, रोग काही नवा नाही, खाणं नाही. सून माझ्या दुकानाच्या पायरीवर आली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "भाईसाब, तुमचं ऐकतात ते. काही करा."

दुसऱ्या दिवशी मी रस्ता ओलांडला आणि म्हणालो, "उत्तर आलं."

तो उठून उभा राहिला. "काय म्हणे?"

"म्हणे, वाजवा. खुशाल वाजवा."

दाखवा, असं तो म्हणाला असता तर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. त्यानं हातातलं दाभण गादीत खोचलं. मग त्यानं शेजारच्या लाकडी पेटीवर पेर वाजवलं, कान कलता केला. ती बोलते की मुकी, काही सांगितलं नाही. वळला आणि तांत ताणायला लागला.

मी माझ्या खुर्चीत येऊन बसलो. धुंग. मग थांबा. धुंग-धुंग. आतून बारीक, चिरका आवाज आला, "ढीली है बेटा!" दुकानात कापूस उडायला लागला. त्या दुपारी म्हाताऱ्यानं पूर्ण भाकर खाल्ली, वर दूध मागितलं. सून सांगायला आली तेव्हा रडत होती आणि हसत होती. समोर हा पिंजत होता, दाढी पांढरी झाली होती. माझ्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही.

त्यानंतर तो रोज पिंजायचा, काम असो नसो. बीट त्यानं पुन्हा केला नाही. खातं बंद करायला सांगितलं. "जमत नाही भाऊ मले हा धंदा," एवढंच.

वडील पुढच्या उन्हाळ्यात गेले. खाऊनपिऊन, झोपेत. महिना झाल्यावर त्यानं दुकान रिकामं केलं. मेहुण्यानं त्याला सुरतेला बोलावलं होतं, फोमच्या कारखान्यात. जायच्या दिवशी तो माझ्याकडे आला. दाढी स्वच्छ काळी. खांद्यावर गादीच्या कापडात गुंडाळलेलं पिंजण.

"हे ठेवा," तो म्हणाला. "त्याचं उत्तर आलं का त्याले पाठवून देजा. आवाज त्याचा, तं आवाजाचं घर बी त्याचंच."

"उत्तर तर... आलं होतं ना," मी म्हणालो.

तो हसला. चिडला नाही, हेच मला आजवर पुरून उरलं आहे. "भाऊ, जिंदगीभर हेच केलं मी, वाजवून पाहायचं. त्या दिवशी तुमी फुटके वाजून राहिले होते."

"मग वाजवलंस काहून?"

"अब्बाले जेवायचं होतं," तो म्हणाला. मग सवयीनं काउंटरवर पेर वाजवलं. "तिकडे फोम आहे भाऊ. फोम मुका असते."

सुरुवातीला त्याचा फोन यायचा. मग नंबर लागेनासा झाला. समोर आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे. तो बीट मी खूप शोधला. कोणत्याच गाण्याखाली मला सापडला नाही. घेणाऱ्यानं कदाचित कधी वापरलाही नसेल. उत्तर अजून आलेलं नाही. शटर उघडलं की मी पाहतो.

पिंजण माझ्या दुकानात, फॉर्मांच्या गठ्ठ्यांवर, भिंतीला लावलेलं आहे. लोक विचारतात, विकायचं का? मी नाही म्हणतो. गर्दी ओसरली की कधी कधी त्याच्या लाकडावर बोटाचं पेर वाजवतो आणि कान कलता करतो. लाकूड बोलतं. तांत त्यानं जाताना सैल केली होती, तशीच आहे. ती ताणायला मी हात लावलेला नाही.