बंडीवाट

आदिलाबादजवळ मावल्यात आमचं वावर टेकडीच्या पायथ्याशी आहे. पूर्वी आजूबाजूला कापूस नि तूर असायची. मग प्लॉट पडले, घरं उठली. आता रोज सकाळी तिथून मोटारींची रांग आदिलाबादला ड्युटीवर निघते. आम्ही वावर विकलं नाही. बाबा गेल्यापासून माय एकटी तिथं मेथी, वांगी पिकवते.

मागच्या उन्हाळ्यात कॉलनीनं आमच्या बंडीवाटेवर, म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर, लोखंडी गेट बसवलं. वावरात जायला दुसरी वाट नाही. एका सकाळी मी गावातल्या घरून स्कूटीवर शाळेत शिकवायला निघाले, तर वाटेत गेट बंद, नि बाहेर माय बंडीवर बसलेली. मोटारींसाठी उघडणारं गेट वॉचमननं बंडी पाहून लावून घेतलं होतं.

कॉलनीचे अध्यक्ष आतून म्हणाले, "अम्मा, गोबर गिरता है. बाहरवालों को मना है."

माय खाली उतरली. "बाहेरचं कोन? माह्या सासऱ्यानं ही वाट पाडली, तवा तुमचा इथं दगडबी नवता."

तिनं बैल सोडले, गेटच्या गजाला बांधले आणि बंडी तिथंच आडवी ठेवली. "मले आत जाऊ देत नसान, तं बाहेर बी कोनी नाई जात."

आत मोटारी साचल्या. हॉर्न, तेलुगूत आरडाओरडा. अध्यक्षांचं लक्ष माझ्याकडं गेलं. "मॅडम, आप तो पढ़ी-लिखी हो. समझाओ इन्हें."

मी स्कूटी बंडीला चिकटून स्टँडवर लावली. "मी यांचीच मुलगी आहे. गेट उघडा." मग हेडमास्तरांना फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं.

शेवटी दवाखान्यातली एक नर्स मोटारीतून उतरली आणि अध्यक्षांवरच तडकली. माझे पेशंट थांबलेत, तुमचं गेट नंतर सांभाळा, म्हणाली. वॉचमननं कडी काढली.

मायनं सावकाश बैल जुंपले. तिला वाट द्यायला अख्खी रांग मागं सरकली.

"काऊन घाई करू?" मी खूण केली तेव्हा ती म्हणाली. "माहीच वाट हाय."

त्यानंतर बंडीसाठी गेट बंद झालं नाही. अध्यक्ष अजून आम्हाला पाहून तोंड फिरवतात. या वर्षी मायनं कॉलनीच्या भिंतीलगत दोडके लावले. वेल भिंतीवर चढले, तसे कुणीतरी वरून छाटून टाकले. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा बी टोचत होती, भिंतीच्या अगदी जवळ.