मोहनरावांच्या वाटणीचं ऊन

मोहनराव कामचुकार नव्हते, त्यांना फक्त काम शोभत नसे. लोणी देवकरजवळच्या त्यांच्या वस्तीवर विजेची तार अजून पोचली नव्हती, मोहनरावांचा तोरा मात्र कधीच पोचला होता. गड्यानं बैल हाकायचे, बायकोनं पाटाच्या पाण्याचं दारं धरायचं आणि यांनी बाजेवर बसून "आरं, नीट!" म्हणायचं.

चौऱ्याण्णव साली एका संस्थेनं सामाईक विहिरीवर उन्हावर चालणारा पंप बसवला. बोली अशी, की वर्षभर दोन्ही हिस्सेदारांच्या रानाला पाणी पुरलं तर पंप वस्तीचा, नाहीतर परत. काम एकच होतं. काचेच्या पाट्यांची चौकट सकाळी पूर्वेकडं आणि दुपारी पश्चिमेकडं हातानं वळवायची.

दुसरी हिस्सेदार गोजरबाई, मोहनरावांच्या चुलतभावाची विधवा. "कडक ऊन आमचं," म्हणून मोहनरावांनी डाळिंबासाठी दुपारची पाळी घेतली. गोजरबाईनं पहिल्याच सकाळी चौकट पूर्वेकडं वळवली आणि तिच्या वांग्यांना रोज पोटभर पाणी मिळू लागलं. दुपारी चौकट तशीच पूर्वेकडं बघत राही आणि मोहनराव तिच्याकडं. पाणी करंगळीएवढं. चौकट वळवायची हे त्यांना पाठ होतं, पण वळवायची कुणी? गडी तर साखर कारखान्यावर निघून गेलेला. एकदा त्यांची बायको सिंधुबाई उठली.

"खाली बस! गोजरीची बरोबरी करतीस व्हय? लोक काय म्हणत्याल?"

सिंधुबाई बसली. डाळिंबं वाळत चालली.

मग मोहनरावांनी पाळीच बदलून घेतली. आता गोजरबाई संध्याकाळी चौकट पश्चिमेकडं ठेवून जाई आणि सकाळी ती तशीच उभी. गोजरबाईला पुन्हा भरपूर पाणी, यांना पुन्हा करंगळी. बुडत्याचा पाय खोलात, पण मिशीला पीळ कायम. मी शेजारच्याच वस्तीवरचा, मला तर अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

वर्ष सरलं. भर वैशाखात संस्थेचे साहेब आले. घामानं त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

"यंत्र झ्याक हाय सायेब," मोहनराव बाजेवरून म्हणाले, "पर आमच्या हितं ऊन कमी पडतंय."

"मग माझी वांगी काय चांदण्यात पिकली, भावजी?" गोजरबाई म्हणाली.

साहेब हसले. पण बोली दोन्ही रानांची होती आणि डाळिंबाच्या काटक्या समोर दिसत होत्या. आठवड्यात पंप परत न्यायला टेम्पो आला. गोजरबाई वांग्यांच्या सरीत मटकन बसली.

चौकट टेम्पोत चढवायला माणसं कमी पडली, तेव्हा मोहनराव बाजेवरून उठले, बाह्या सारल्या आणि तिला खालून हात लावला.