अपंगाच्या दाखल्याला मी ताठ चालत गेलो

सन एकोणीसशे सत्त्याण्णव. शाळेच्या कागदावर मी एक्कावन्न वर्षांचा होतो. खरं वय विचाराल तर आई म्हणायची, रोगानं मेंढरं मेली त्या साली तू झालास. ते साल कोणतं, हे सांगायला आता ना आई हाय ना मेंढरं. हुमनाबादकडच्या एका गावात, मराठी शाळेत मी शिपाई होतो. स्वतः तिसरीपर्यंत शिकलेला. घंटा देणं, पाणी भरणं, खोल्या झाडणं, हेडमास्तरांचे कागद तालुक्याला पोचवणं, हे माझं काम. मी घंटा दिल्यावर शाळेत आलेली पोरं पुढं बाप होऊन आपली पोरं घेऊन आली, तोवर माझ्या कामाला कुणी बोट लावलं न्हाई.

आदल्या वर्षी वाऱ्यानं वरच्या खोलीचे पत्रे उचलले. त्यांच्यावर दगड ठेवायला मी चढलो, खालचा वासा मोडला आणि मी फरशीवर गुडघ्यावर आदळलो. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. गुडघा पुरता वाकेना आणि पुरता सरळ होईना.

त्याच सुमाराला गाव पातळ व्हायला लागलं होतं. तरणी माणसं बायकापोरांसकट हैदराबादला, पुण्याला कामाला जायची. माझा पोरगाही हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर होता. उरलेल्यांची काही पोरं कानडी शाळेत गेली, काही इंग्लिश शाळेच्या गाडीत बसून हुमनाबादला. आमची बाकं रिकामी पडली. शिपाई आम्ही दोघं होतो, आणि वरून विचारणा आली की दोघं कशाला. दुसरा तरणा होता आणि त्याचे दोन्ही पाय नीट होते.

हेडमास्तर माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही वरून बोलणी बसत आणि ती तो खाली उतरवी. त्याच्या टेबलावर दाबायची घंटी होती. ती वाजली की मी निघायचो, आणि मी दारात पोचेपर्यंत ती आणखी वाजायची. आता ह्याला टेन्शन म्हणतात. आम्ही म्हणायचो, जीव थाऱ्यावर न्हाई. अन्न गिळवेना. घरी शेरडाच्या गळ्यातली घंटी वाजली तरी मी ताटावरून उठायचो. बायको म्हणायची, "बसा. शेरडाला चा नको हाय."

मग एक दिवस तपासणीला साहेब आले. मी चहाचा ट्रे घेऊन पायऱ्या चढलो आणि वरच्या पायरीवर गुडघा अडकला. कप पडले न्हाईत, पण चहा सगळा बशीत आला. हेडमास्तर बोलला, सगळ्यांसमोर.

"ह्यांच्यानं आता होत न्हाई साहेब. मी तसं लिहून देतो."

पोराला निरोप गेला, तर त्यानं उलटा निरोप धाडला की अप्पा, सोडा ती नोकरी, इकडं या, निवांत खावा. निवांत खायचं म्हणजे सून वाढेल तेव्हा खायचं. मी न्हाई म्हणून कळवलं. माझ्या भाकरीला मी कुणाचं तोंड बघणार नव्हतो.

शाळेत कानडी शिकवणाऱ्या एक बाई होत्या. कलबुर्गीकडच्या, मराठी तोडून तोडून बोलायच्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अप्पा, तुमी असं गप कामून बसलाव? नवीन कायदा आलाय. नोकरीत अपंग झालेल्याला काढता येत न्हाई. बसून करायचं काम द्यावं लागतं. पण दाखला पायजे. बिदरच्या दवाखान्यात पुढच्या आठवड्यात दोन दिवस डॉक्टरांचा बोर्ड बसणार हाय. जावा."

"मी अपंग न्हाई, बाई."

"मग चहा का सांडला?"

जायचं ठरवलं.

आता इथं मी काय केलं ते सांगतो. आमचा बाप मेंढरं राखायचा. बाजाराच्या आधी कळपातलं एखादं मेंढरू लंगडत असलं की बाप त्याला चारायला नेत नसे, दावणीला उभं ठेवी. करडीचं तेल कोमट करून, हळद घालून गुडघा चोळी. लोकरीखाली दिसणार न्हाई अशी पट्टी आवळी. आणि बाजारात हाकताना त्याला दोन चांगल्या मेंढरांच्या मधी घाली, म्हणजे त्यांच्या नादानं ते सरळ चाले. घेणारा आला की बाप जनावराकडं बघतसुद्धा नसे, दुसरीकडंच तोंड करून उभा राही.

सरकारी माणसापुढं उभं राहायचं तर तसंच राहायचं, एवढंच मला ठाऊक. मी दोन दिवस रजा टाकून पाय हलवला न्हाई. तेल चोळलं. बोर्डाच्या दिवशी दाढी केली, धुतलेलं धोतर नेसलो, आत गुडघ्याला पट्टी आवळली. बापाची काठी घेतली, पण आमच्यात काठी खांद्यावर आडवी टाकतात, टेकत न्हाईत. टेकतो तो म्हातारा.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बोकड बाजाराला निघालंय जणू."

"गप बस. साहेबापुढं जायचंय."

बिदरच्या दवाखान्यात व्हरांडा माणसांनी भरला होता. कुणाला पाय नव्हता, कुणी हातावर सरपटत आलेलं. त्यांच्यात मला लाज वाटायला लागली. आपण ह्यांच्यातले न्हाई, हे दिसावं म्हणून मी आणखी ताठ झालो. माझा नंबर आला. डॉक्टर कानडी होता, पण दखनी उर्दूत बोलला. कुठं दुखतंय, म्हणाला.

मी म्हणालो, "दुखत न्हाई साहेब. जरा धरतंय."

"हाडाचा फोटो काढलाय?"

"न्हाई. हाडवैद्यानं बांधलं."

"चालून दाखवा."

मी चाललो. खिडकीपर्यंत गेलो आणि परत आलो. दात एकावर एक दाबून धरले होते. आत गुडघ्यात कुणी पहार घालून फिरवतंय असं होत होतं, पण पाऊल वाकडं पडलं न्हाई. काठी खांद्यावर. डॉक्टर हसला, चांगल्या मनानं हसला, आणि म्हणाला, "चाचा, तुम्ही माझ्यापेक्षा चांगले चालता. आरामात नोकरी करा." पुढच्याला हाक मारली.

बाहेर पायरीवर येऊन बसलो तेव्हा, खरं सांगतो, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. शहरातला शिकलेला डॉक्टर म्हणतोय, चांगले चालता. मग पट्टी सोडली. गुडघा भोपळ्यासारखा वर आला होता. आणि डोक्यात उजेड पडला की मी दाखला घ्यायला आलो होतो आणि शाबासकी घेऊन चाललोय. आता हेडमास्तर लिहून देणार, आणि त्याला आडवा यायला डॉक्टरचा कागदच हाती न्हाई.

संध्याकाळी घरी पोचलो. फाट्यावर बस सोडली की गाव जरा आत हाय. तेवढी वाट मी दोनदा बसून काढली.

बायकोनं पाणी दिलं. "दाखला मिळाला?"

"न्हाई."

"मग काय म्हणला डॉक्टर?"

"म्हणला, माझ्यापेक्षा चांगले चालता."

ती खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्याला पदर लावला. मग म्हणाली, "लंगडं मेंढरू ठणठणीत म्हणून दाखवून आलाव तुमी. पर मामंजी मेंढरू इकायला जायचे. तुमी काय इकायला गेलता?"

ती उठून चुलीकडं गेली आणि तिकडूनच बोलत राहिली. "वरीस झालं मी तुमचा पाय चोळायले. मला म्हाईत हाय तो कसा हाय. डॉक्टरला कामून म्हाईत व्हईल? तुमी सांगाल तवा."

"लोकांपुढं लंगडत चालू व्हय मी?"

"शाळेत लंगडतावच की. ते लोक न्हाईत?"

जेवायला बसलो. मीच म्हणालो, "बोर्ड उद्याबी हाय."

"मग जावा."

"पण मी पाय धरून रडणार न्हाई. फाटकं नेसणार न्हाई. कुणापुढं हात पसरणार न्हाई."

"कोन म्हणतंय रडा? हाय तसं चाला. तेवढंच करा."

त्यावर मी बराच वेळ पडून विचार केला. हाय तसं चालायचं. ऐकायला सोपं हाय. पडल्यापासून तेवढं एकच मी केलं नव्हतं, घरातसुद्धा. मोरीकडं जाताना बायको बघतेय का ते आधी बघायचो. हेडमास्तराची घंटी ऐकून छातीत धडधड व्हायची, त्यातली निम्मी ह्या लपवाछपवीचीच असावी. काम जड होतंच. पण सोपं दाखवायचं काम त्याहून जड होतं. नोकरी मला टिकवायची होती. मग लाज आणि नोकरी, दोन्ही एका गाठोड्यात बांधून चालणार नव्हतं.

सकाळी उठून दाढी केली. कालचंच धोतर झटकून नेसलो. तेलाची वाटी बायकोनं चुलीपाशी ठेवली होती, मी तिला हात लावला न्हाई. पट्टीही घेतली न्हाई. बापाची काठी घेतली आणि दारातच जमिनीला टेकली. बायकोनं ते बघितलं आणि आत वळली. वेशीवर चहाच्या टपरीपाशी माणसं बसली होती. एकजण म्हणाला, "काय वो, आज पाय लईच ओढायलाव?"

"रोजच ओढतोय," मी म्हणालो. "आज तुमाला दिसला."

पहिली बस धरली. बिदरला व्हरांड्यात काल हातावर सरपटत आलेला माणूस आजही होता, त्याच्या शेजारी खाली बसलो. माझा नंबर आला. डॉक्टरनं मान वर केली, मला ओळखलं, काठीकडं बघितलं.

"चाचा, कल तो ठीक थे."

मी म्हणालो, "काल ठीक नव्हतो साहेब. काल मी तुमाला ठीक दाखवलं. पत्र्यावरून पडलोय, हाड वाकडं बसलंय, पायरी चढता येत न्हाई. नोकरी करायची हाय मला, बसून. आज बघा."

आणि चालून दाखवा असं त्यानं म्हणायच्या आधीच मी काठी टेकत, पाय ओढत खिडकीकडं निघालो.