ऐकून घेतल्याबिगर

दूध नासल्याचा आंबूस वास आला की मला भूम गावाजवळचं ते दूध संकलन केंद्र आठवतं. मी तिथं हिशेबनीस होतो. उन्हाळ्याचे दिवस, डोक्यावर तापलेले पत्रे, आणि त्या सकाळी टाकीतलं सगळं दूध नासलेलं. कूलिंग मशीन सांभाळणाऱ्या माणसाला मालकांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्यापासून यायचं न्हाय." तो काही बोलू पाहत होता, पण मालकांनी त्याला हातानंच गप्प केलं. आम्ही सगळे खाली बघत राहिलो. तेवढ्यात दूध मोजणारी बाई पुढं आली. शेताच्या बांधावरून तिचं त्याच माणसाशी कितीतरी वर्षं बोलणं नव्हतं. "मालक, माझं आन त्यांचं पटत न्हाय, समद्यांना ठावं हाय," ती म्हणाली, "पर त्यांचं ऐकून घेतल्याबिगर काढू नका. तुमा दोघांनाबी चालंल असा तिसरा माणूस मधी बसवा." "तुलाबी घरी जायचंय का?" मालक कडाडले. "जाते की. पर आधी त्यांचं ऐका." मालकांनी एकदा टाकीकडं, एकदा तिच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बोलवा कुणाला बोलवायचं ते." शेवटी शेजारचे निवृत्त गुरुजी मध्ये बसले. मशीन बिघडल्याचं त्या माणसानं आधीच सांगितलं होतं आणि दुरुस्ती आपणच लांबवली, हे मालकांनी त्यांच्यासमोर मान्य केलं. त्याची नोकरी राहिली. मागच्या महिन्यात माझ्या ऑफिसात एकाला असंच काढायला निघाले, तेव्हा मी बोलायला उभा राहिलो, पण "आधी त्याचं ऐकून घ्या" एवढं म्हणतानाही अडखळलो. त्या बाईचा आवाज मात्र जरासुद्धा कापला नव्हता.