पहिलं नाव गैरहजर

वसईतल्या आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे आमचे बाबा, आणि नियमांच्या बाबतीत माणूस महाकडक. जिन्यात कुणी मिरच्या वाळत घातल्या, की हे उपविधींचं पुस्तक घेऊन दारात हजर. त्यामुळे आईच्या पाळणाघराविरुद्ध तक्रार आली तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला गुदगुल्या झाल्या.

तक्रार आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांची होती. दुपारभर डोक्यावर पावलं धावतात, जिन्यात चपलांचा ढीग पडतो. फ्लॅट राहण्यासाठी आहे, दुसऱ्या कामाला वापरायचा तर सोसायटीची परवानगी हवी. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," असंही ते जाता जाता म्हणाले.

बाबांना ते झोंबलं, कारण परवानगी आम्ही खरोखरच घेतलेली नव्हती. विषय रविवारच्या सभेत ठेवायचं त्यांनीच ठरवलं.

पोरं बिल्डिंगमधल्याच नोकरदार आयांची, पण आई त्यांना 'आपली' म्हणायची. सगळ्यांत धाकटी तर आईच्याच हातून जेवायची. पाळणाघर बंद झालं तर ती कुणाकडे जाईल, हा एकच घोर आईला लागला होता. मला बाबांचा भयंकर राग आला. स्वतःच्या बायकोसाठीसुद्धा पुस्तक मिटायला नको का?

शनिवारी जेवताना बाबा आईला म्हणाले, "उद्या सभेला तू जा."

"मी? अहो, सेक्रेटरी तुम्ही ना?"

"घरावर माझं नाव पहिलं, तुझं दुसरं. पहिलं नाव हजर असलं की दुसऱ्याला बोलता येत नाही, मतही देता येत नाही. नियमच आहे तसा. मी घरी बसतो. मुलं तुझी आहेत, तूच बोल."

इतक्या वर्षांत बाबांनी एकही सभा चुकवली नव्हती. माझा राग कुठल्या कुठे गेला.

रविवारी गंमत झाली. पाळणाघराचं काय करायचं ते ठरवायला गच्चीवर जाताना सगळ्या आया पोरं आमच्याकडेच सोडून गेल्या. सभा लांबली. धाकटीने भोकाड पसरलं. बाबांनी गिरीज गावच्या केळीवालीचं केळं कुस्करलं आणि बोटाने भरवायला घेतलं. तिने दोनदा त्यांच्या शर्टावर थुंकलं, तिसऱ्यांदा गिळलं, आणि खाता खाता त्यांच्या मांडीवरच झोपली. बाकीच्यांना मी आतल्या खोलीत निजवलं. बाबांचा पाय बधिर झाला, पण हलायला तयार नाहीत.

आई आली ती डोळे पुसतच.

"मिळाली परवानगी! मी आधीच सांगून टाकलं, आवाज होतो हे खरं आहे, काकांना दुपारची झोप मिळायलाच हवी. मग काकाच नरमले हो! आता चपला घरात ठेवायच्या, आणि दोन ते चार अजिबात आवाज करायचा नाही." आणि ती मोठ्याने हसायला आणि रडायला लागली.

बाबांनी मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"हळू," ते कुजबुजले. "दोन वाजून गेलेत."